कंट्रोल कोडमध्ये आहे, पानावर नाही: वेब फॉर्म्समधील रेंडरिंगचे बिघाड कसे शोधावेत

लक्षणे

पुढीलपैकी एखादी तक्रार आपल्याकडे आली असेल, तर हे टिपण आपल्यासाठी आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सबद्दल आहे: त्यात पान कंट्रोल्समधून, म्हणजे चौकट, यादी, बटण अशा सर्व्हरवरील घटकांतून, बनते आणि त्यांचे एचटीएमएल मार्कअप लिहिण्याला रेंडरिंग म्हणतात.

– डिझायनरमध्ये मजकुराची चौकट दिसते, प्रोजेक्ट विनातक्रार बिल्ड होतो, पण ब्राउझरमध्ये त्या जागी काहीच नसते.
– तालुक्यांच्या यादीतून ‘सत्तरी’ निवडून ‘जतन करा’ दाबले की यादी पुन्हा ‘पेडणे’वर जाते आणि नोंदही पेडण्याचीच होते.
– ‘आणखी एक वारस जोडा’ दाबल्यावर नवी ओळ येते. त्यानंतर दुसरे कोणतेही बटण दाबताच ती ओळ, तीत भरलेल्या नावासकट, नाहीशी होते.
– कंट्रोल डोळ्यांसमोर दिसते, पण जावास्क्रिप्टला ते सापडत नाही.
– पानाच्या वरच्या भागातील बटणे चालतात, खालची चालत नाहीत.
– तक्ता एक्सेलमध्ये काढताना, कंट्रोल सर्व्हरच्या फॉर्म टॅगच्या आत असले पाहिजे, अशी त्रुटी येते.

गोव्यातील पतसंस्था, देवस्थान समित्या आणि पंचायती यांच्यासाठी पूर्वी बांधलेली एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सवरील ॲप्लिकेशन्स सांभाळणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि वरील तक्रारी मी इतक्या वेळा सोडवल्या आहेत की त्या शोधण्याचा एक क्रम आपोआप ठरून गेला आहे. तो क्रम येथे देत आहे. सर्वांत सोपी आणि फुकटची तपासणी आधी, कोडला हात लावावा लागणारी नंतर.

तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एका ठिकाणी आहे. एएसपी डॉट नेट २००२ साली आले, तेव्हापासून वेब फॉर्म्सची मूळ पद्धत बदललेली नाही: पानाची प्रत्येक मागणी आली की सर्व्हर कंट्रोल्सचे एक झाड नव्याने उभे करतो, त्याला ठरावीक टप्प्यांतून नेतो, शेवटी प्रत्येक कंट्रोलला स्वतःचे मार्कअप लिहायला सांगतो आणि पान पाठवून झाल्यावर ते झाड टाकून देतो. ब्राउझरपर्यंत कंट्रोल कधीच पोहोचत नाही. तेथे पोहोचतात ते इनपुट, स्पॅन, टेबल असे साधे टॅग. म्हणून कोणत्याही तक्रारीत मी तीनच प्रश्न विचारतो. कंट्रोल झाडावर होते का? झाडावर असून लिहिले गेले का? लिहिले गेले असेल, तर ब्राउझरने ते लिहिले तसेच घेतले का? या तिन्हींतील कोणत्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आहे, हे कळण्याआधी कोड बदलणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

सर्व्हरने काय पाठवले ते वाचणे

ब्राउझरमध्ये घटकावर उजवी टिचकी देऊन ‘तपासा’ हा पर्याय घेण्याची सवय बहुतेकांना असते. तेथे दिसते ते ब्राउझरने दुरुस्त करून घेतलेले पान. सर्व्हरने पाठवलेले पान ‘पानाचा सोर्स पाहा’ येथे दिसते. आपल्याला आधी दुसरे हवे. मात्र बटण दाबून पोस्टबॅक (भरलेले पान सर्व्हरकडे परत जाणे) झाल्यानंतर सोर्स मागितला, तर काही ब्राउझर पान पुन्हा पहिल्यापासून मागवतात आणि आपण भलतेच पान वाचत बसतो, म्हणून पोस्टबॅकनंतरची तक्रार असेल तर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क विभागातील प्रत्यक्ष प्रतिसाद वाचावा.

त्या मजकुरात कंट्रोलचे नाव शोधावे. ते अजिबात नसेल, तर दोष सर्व्हरवर आहे. ते असेल, तर दोष नावात, मांडणीत किंवा स्क्रिप्टमध्ये आहे. या एका शोधाने निम्मे काम होते.

नाव सापडले, पण ते ‘एएसपी’ आणि अपूर्णविराम अशा उपसर्गासह, म्हणजे आपण डिझायनरमध्ये लिहिलेल्या रूपातच सापडले, तर ‘रनॲट’ हा, टॅग सर्व्हरने चालवावा असे सांगणारा गुणधर्म लिहायचा राहिला आहे. तो नसला की सर्व्हर त्या टॅगला साधा मजकूर समजून जसाच्या तसा पुढे पाठवतो, आणि ब्राउझरला तो टॅग अनोळखी असल्याने पडद्यावर काही दिसत नाही. कोड-बिहाइंडमध्ये, म्हणजे पानामागील कोडच्या फाइलमध्ये, त्या कंट्रोलचे नाव वापरले असेल तर कंपायलर ओरडतो. वापरले नसेल तर कोणीच काही बोलत नाही. दुसऱ्या पानावरून घाईत मजकूर चिकटवताना हे हमखास होते.

व्हिजिबल

‘व्हिजिबल’ खोटे असलेले कंट्रोल लपवले जात नाही. त्याचे मार्कअप लिहिलेच जात नाही. जे पानात गेलेच नाही ते जावास्क्रिप्टने दाखवणे शक्य नाही. दाखवणे-लपवणे ब्राउझरमध्येच करायचे असेल, तर व्हिजिबल खरे ठेवून सीएसएसने लपवावे. पण असे लपवलेले सर्व काही सोर्समध्ये वाचता येते, हे विसरू नये. सभासदाचा आधार क्रमांक सीएसएसने लपवलेला मी पाहिला आहे, आणि तो तातडीने काढायला लावला आहे.

येथे दोन गोष्टी अनुभवी लोकांनाही चकवतात. पहिली अशी की बाहेरचे पॅनेल अदृश्य असेल, तर आतील कंट्रोलचे व्हिजिबल आपण खरे करूनही विचारणा केल्यावर ते खोटेच सांगते, कारण उत्तर देताना ते आपल्या सर्व पूर्वजांकडे पाहते. म्हणून आतल्या कंट्रोलवर वेळ घालवण्याआधी झाडावर वर वर चढत जावे. दुसरी अशी की अदृश्य कंट्रोलसाठी प्रीरेंडर हा मार्कअप लिहिण्याआधीचा टप्पा चालवलाच जात नाही. त्यामुळे कंट्रोलला पुन्हा दृश्य करण्याचा कोड त्याच्या स्वतःच्या प्रीरेंडरमध्ये लिहिला, तर तो कधीच चालणार नाही.

आयडी बदललेला असणे

मास्टर पेज (पानांचा सामाईक साचा), ग्रिडव्ह्यू (तक्ता), रिपीटर (एकच साचा ओळीमागून ओळ लिहिणारे कंट्रोल) आणि यूजर कंट्रोल (इतर कंट्रोल्स जुळवून स्वतः बनवलेले) हे आपापल्या आतील कंट्रोल्सच्या आयडीपुढे स्वतःची नावे जोडतात, जेणेकरून तीच चौकट दहा ओळींत आली तरी प्रत्येकीची ओळख वेगळी राहावी. म्हणूनच सोर्समध्ये आपल्या आयडीआधी प्लेसहोल्डरचे नाव आणि अधोरेखा दिसते. जावास्क्रिप्टमध्ये नुसता आयडी लिहिला असेल, तर तो सापडणार नाही.

यावर उपाय दोन. स्क्रिप्ट पानातच असेल, तर ‘क्लायंटआयडी’ हा गुणधर्म <%= %> च्या आत लिहून सर्व्हरकडूनच पूर्ण नाव घ्यावे. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर २०१० मध्ये आवृत्ती ४ बरोबर आलेला ‘क्लायंटआयडीमोड’ हा गुणधर्म ‘स्टॅटिक’ करावा. रिपीटर किंवा ग्रिडव्ह्यूच्या ओळींत मात्र स्टॅटिक वापरू नये. एकच आयडी प्रत्येक ओळीत उमटतो आणि स्क्रिप्ट नेहमी पहिल्याच ओळीवर काम करते. शिवाय स्टॅटिकने बदलतो तो आयडी. $ चिन्हांनी जोडलेले नेम पूर्वीसारखेच लांब राहते, कारण परत आलेली माहिती सर्व्हर त्याच नावावरून वाटतो. जुन्या आवृत्तीतून वर आणलेल्या प्रोजेक्टमध्ये वेब डॉट कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाइलमधील रेंडरिंग सुसंगततेची आवृत्ती ३.५ वर राहिलेली असू शकते. तेव्हा नवे पर्याय का लागू होत नाहीत, याचे उत्तर तेथे मिळते.

यादी पुन्हा पेडण्यावर का जाते

ही तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती पानावरच थांबत नाही. चुकीची नोंद डेटाबेसमध्ये उतरते, पुढे दाखल्यावर चुकीचा तालुका छापला जातो आणि दुरुस्तीसाठी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाळपईहून पुन्हा खेटे घालावे लागतात.

घडते असे. पोस्टबॅक झाला की इनिट या सुरुवातीच्या टप्प्यानंतर व्ह्यूस्टेट (पानातच लपवून पाठवलेली कंट्रोल्सची आधीची अवस्था) भरली जाते, मग वापरकर्त्याने पाठवलेली निवड यादीत बसवली जाते, त्यानंतर लोड हा टप्पा येतो आणि सर्वांत शेवटी बटणाचा क्लिक. पेज लोडमध्ये यादी दर वेळी नव्याने बांधली असेल, तर नुकतीच बसवलेली ‘सत्तरी’ पुसली जाते आणि क्लिकच्या कोडला पहिलाच तालुका मिळतो. ‘इजपोस्टबॅक’ खोटे असतानाच, म्हणजे पान पहिल्यांदा मागितले असतानाच, यादी भरावी, हे उत्तर सर्वांना माहीत असते आणि ते बरोबर आहे.

माझी स्वतःची पसंती मात्र थोडी वेगळी आहे. गोव्याच्या १२ तालुक्यांसारखी लहान, न बदलणारी यादी असेल, तर तिची व्ह्यूस्टेट बंद करून ती दर वेळी इनिटमध्येच भरावी. वापरकर्त्याची निवड त्यानंतर येत असल्याने ती टिकते, आणि पानाचे वजनही कमी होते. फक्त अशा यादीवर निवड बदलल्याचा इव्हेंट अवलंबून असेल, तर ही पद्धत वापरू नये, कारण आधीची निवड लक्षात ठेवणारी व्ह्यूस्टेटच नसल्याने तो इव्हेंट नको तेव्हाही सुटतो.

ब्राउझरने मोडलेली मांडणी

सोर्समध्ये सर्व काही व्यवस्थित आहे आणि तरीही पानाचा खालचा भाग मेलेला आहे, अशा वेळी फॉर्म टॅग मोजावेत. वेब फॉर्म्सचे संपूर्ण पान एका फॉर्ममध्ये असते. कोणीतरी मास्टर पेजमध्ये शोधपेटीचा किंवा पैसे भरण्याचा तयार एचटीएमएल तुकडा चिकटवतो आणि त्यात त्याचा स्वतःचा फॉर्म असतो. फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही, म्हणून ब्राउझर आतील सुरुवातीचा टॅग गाळतो, पण आतील शेवटच्या टॅगने बाहेरचा फॉर्म बंद करतो. त्याखालची सर्व बटणे फॉर्मबाहेर पडतात.

याचाच धाकटा प्रकार म्हणजे परिच्छेदाच्या टॅगमध्ये ठेवलेले पॅनेल. पॅनेलचा डिव्ह होतो, परिच्छेदात डिव्ह बसत नाही, ब्राउझर परिच्छेद आधीच बंद करतो आणि शैली भलतीकडे लागते. कोणत्या कंट्रोलचा कोणता टॅग होतो हे पाठ असावे: लेबलचा स्पॅन, पॅनेलचा डिव्ह, ग्रिडव्ह्यूचा टेबल, अनेक ओळींच्या चौकटीचा टेक्स्टएरिया. लिटरल आणि प्लेसहोल्डर स्वतःचा टॅग लिहीतच नाहीत, त्यामुळे त्यांना सीएसएसचा वर्ग देता येत नाही.

ट्रेस

येथपर्यंत उत्तर मिळाले नसेल, तर पानाच्या पहिल्या ओळीतील निर्देशात ‘ट्रेस’ खरे करावे. पानाखाली एक लांब अहवाल येतो आणि त्यात कंट्रोल्सचे संपूर्ण झाड असते: प्रत्येकाचे पूर्ण नाव, प्रकार, त्याने लिहिलेल्या मार्कअपचे बाइट आणि व्ह्यूस्टेटचे बाइट. वरील तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांची उत्तरे या एका तक्त्यात आहेत. कंट्रोल यादीत नसेल, तर ते झाडावर चढलेच नाही. यादीत असून रेंडरचे बाइट शून्य असतील, तर ते आहे पण लिहिले गेले नाही. पुन्हा व्हिजिबलकडे जावे. ग्रिडव्ह्यूचे बाइट अगदी थोडे असतील, तर यादी बांधताना डेटाच रिकामा आला का ते पाहावे, कारण एकही ओळ नसलेला ग्रिडव्ह्यू सहसा टेबल लिहीत नाही. इतके उपयोगी साधन लोक का वापरत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. काम झाले की ट्रेस बंद करावा. त्यात कुकीज आणि सर्व्हरची माहिती उघडी पडते.

नाहीशी होणारी वारसांची ओळ

आता कोडचा खरा भाग. क्लिकच्या कोडमध्ये निर्माण केलेली चौकट झाडावर चढते, लिहिली जाते आणि पानावर दिसते. पान पाठवल्यावर झाड टाकून दिले जाते. पुढच्या पोस्टबॅकला सर्व्हर झाड पुन्हा उभे करतो, पण ती चौकट निर्माण करणारा कोड जुन्या क्लिकमध्ये होता आणि तो क्लिक या वेळी झालेला नाही. ओळ नाहीशी होत नाही. ती पुन्हा बनवलीच जात नाही.

नियम असा की कोडने बनवलेले प्रत्येक कंट्रोल प्रत्येक मागणीत, त्याच आयडीने आणि त्याच क्रमाने पुन्हा बनवावे. क्रमाचे महत्त्व यासाठी की मुलांची व्ह्यूस्टेट सामान्यतः आयडीवरून नव्हे, तर कितव्या जागी आहे यावरून वाटली जाते. मधलीच ओळ काढली की तिसऱ्या वारसाची अवस्था दुसऱ्याला चिकटते.

हे काम इनिटमध्ये करावे, असे सर्वत्र सांगितले जाते. अडचण अशी की किती ओळी बनवायच्या ही संख्या बहुतेक जण व्ह्यूस्टेटमध्ये ठेवतात, आणि इनिटच्या वेळी व्ह्यूस्टेट अजून भरलेली नसते. संख्या रिकामी येते, ओळी बनत नाहीत, आणि माणूस नियम पाळूनही फसतो. अशा वेळी लोडव्ह्यूस्टेट ही मेथड ओव्हरराइड करून (तिच्या जागी आपली मेथड लिहून), मूळ मेथड आधी बोलावून, लगेच ओळी बनवाव्यात. लोडच्या सुरुवातीला बनवल्या तरी चौकटीतील मजकूर मिळतो, कारण ज्यांना तोवर मालक सापडला नव्हता ती मूल्ये लोडनंतर दुसऱ्यांदा वाटली जातात. क्लिकपर्यंत थांबल्यास मात्र वाटप संपलेले असते.

खरे तर बहुतेक ठिकाणी हा खटाटोप नकोच असतो. वारसांची यादी रिपीटरला बांधली, तर ओळी पुन्हा उभ्या करण्याचे काम तो स्वतः करतो.

नावांतील चिन्हे आणि देवनागरी

बार्देश-सासष्टीच्या याद्यांत रोमन लिपीत लिहिलेल्या आडनावांत ‘डी’नंतर अवतरण चिन्ह येते. असे नाव ‘ही नोंद काढायची का?’ या विचारणेत घालून बटणाच्या ‘ऑनक्लायंटक्लिक’मध्ये जोडले, की फक्त त्याच सभासदाचे बटण चालत नाही. एचटीएमएलसाठी एन्कोड केल्याने हे सुटत नाही, कारण ब्राउझर स्क्रिप्ट चालवण्याआधी ते एन्कोडिंग उलगडतो आणि अवतरण पुन्हा उघडे होते. स्क्रिप्टमध्ये जाणारा मजकूर स्क्रिप्टच्याच नियमांनी एन्कोड करावा. आवृत्ती ४ पासून ‘जावास्क्रिप्टस्ट्रिंगएन्कोड’ ही मेथड त्यासाठीच आहे. उलट दिशेने, लेबलचा मजकूर आपोआप एन्कोड होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. वापरकर्त्याने भरलेला मजकूर दाखवताना <%: %> वापरावे किंवा लिटरलचा मोड ‘एन्कोड’ ठेवावा.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीलाही वाव राहिला, म्हणून येथील अर्जांत देवनागरी नेहमीच असते. ती पानावर प्रश्नचिन्हांच्या रूपात आली, तर रेंडरिंगला दोष देऊ नये. मजकूर एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) नसलेल्या कॉलममध्ये, किंवा पॅरामीटरविना लिहिलेल्या क्वेरीत मजकुराआधी N हे अक्षर न लावता साठवला गेला आहे आणि मूळ अक्षरे गेली आहेत. ती कागदावरून पुन्हा भरावी लागतात. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र लॅटिन अक्षरे दिसत असतील, तर मजकूर बहुधा शाबूत आहे. फाइल किंवा प्रतिसाद यूटीएफ-८ म्हणून वाचला जात नाही, एवढेच.

एक्सेलची त्रुटी

ग्रिडव्ह्यूचे ‘रेंडरकंट्रोल’ आपण स्वतः बोलावतो, तेव्हा ते फॉर्मच्या आत आहे का याची तपासणी होते आणि ती नापास होते. ‘व्हेरिफायरेंडरिंगइनसर्व्हरफॉर्म’ ही मेथड पानात रिकामी ओव्हरराइड केली की त्रुटी जाते. त्यानंतर इव्हेंट व्हॅलिडेशनची दुसरी त्रुटी आली, तर ती तपासणी संपूर्ण पानासाठी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. पाठवलेले मूल्य सर्व्हरनेच दिलेल्या यादीतील आहे का, हे तीच तपासणी पाहते. पाने पाडणे आणि क्रमवारी बंद करून, लिंक बटणांचे स्तंभ लपवून तक्ता पुन्हा बांधावा आणि मग लिहावा. तरीही तयार होते ती एक्सेलची खरी फाइल नसून एचटीएमएल असते, म्हणून उघडताना एक्सेल इशारा देते. हिशेबाच्या कामासाठी खरी फाइल बनवणारी लायब्ररीच घ्यावी.

स्वतः लिहिलेले कंट्रोल

‘वेबकंट्रोल’पासून काढलेले कंट्रोल काही न सांगता स्पॅनमध्ये गुंडाळले जाते, आत डिव्ह असेल तर ‘टॅगकी’ बदलावी. बहुतेक वेळा ‘रेंडर’ऐवजी ‘रेंडरकंटेंट्स’ ओव्हरराइड करणे योग्य असते, कारण रेंडर बदलून मूळ मेथड न बोलावल्यास बाहेरचा टॅग, आयडी आणि आतील मुले सर्व जातात. आत मुले असतील, तर ‘आयनेमिंगकंटेनर’ लावायला विसरू नये.

येथे थांबावे

व्ह्यूस्टेटची मॅक पडताळणी (तिच्यात फेरफार झाला नाही ना, ही तपासणी) अयशस्वी झाल्याची त्रुटी वारंवार येत असेल आणि ॲप्लिकेशन एकाहून अधिक सर्व्हरवर चालत असेल, तर हात थांबवून सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवावे. सर्व सर्व्हरची मशीन की (या पडताळणीची गुप्त किल्ली) सारखी नसणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. ही पडताळणी बंद करण्याचा मार्ग आवृत्ती ४.५.२ पासून मायक्रोसॉफ्टने काढून टाकला आहे, आणि तो जुन्या सर्व्हरवर चालत असला तरी वापरू नये. इंटरनेटवर नमुना म्हणून दिलेली मशीन की तर कधीही उतरवू नये: फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा ३००० हून अधिक उघड्या कींबद्दल इशारा दिला, कारण मशीन की माहीत असलेला हल्लेखोर बनावट व्ह्यूस्टेट पाठवून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. अशी मशीन की आपल्या फाइलमध्ये सापडली, तर ती बदलण्यापुरते काम नाही. सर्व्हरची सुरक्षातज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

बिघाड विकत घेतलेल्या ग्रिडमध्ये असेल आणि त्याचा सोर्स आपल्याकडे नसेल, तर विक्रेत्याला विचारावे. मूळ कोड हरवून फक्त कंपाइल केलेल्या फाइल उरल्या असतील, किंवा पान व्याज, ठेवी अथवा खातेवहीच्या नोंदी लिहीत असेल आणि चाचणीसाठी वेगळा सर्व्हर नसेल, तर चालू सर्व्हरवर प्रयोग करू नयेत. अशा पानावर एका पतसंस्थेत ‘फक्त एक ओळ’ बदललेली मी निस्तरली आहे. नोंदी जुळवायला ओळ बदलण्याच्या कित्येक पट वेळ गेला.

तज्ज्ञाला बोलावताना नेटवर्क विभागातून जतन केलेला प्रतिसाद, ट्रेसचे पान, त्रुटीचा शब्दशः मजकूर आणि शेवटचा बदल कधी व कोणी केला याची नोंद हाताशी ठेवावी. वेब डॉट कॉन्फिगही लागेल. मात्र त्यातील डेटाबेसचा पासवर्ड आणि मशीन की काढूनच ती फाइल पाठवावी.